आलेख सरकवायला शिकताय? आधी एवढंच करा

सूत्रांची ती लांबलचक यादी पाठ करू नका. एकच आलेख घ्या, य = क्ष², आणि काही दिवस त्याच्याशीच खेळा. साइन, लॉग वगैरे नंतर बघू.

प्रत्येक वेळी विचारा: बदल वर्गाच्या आत झालाय की बाहेर?

- बाहेर, क्ष² + ३: आलेख ३ एकक वर. वाटतं तसंच होतं.
- आत, (क्ष − ३)²: आलेख ३ एकक उजवीकडे. इथे बहुतेक सगळे फसतात, वजा दिसलं की हात डावीकडे जातो. नियम घोकू नका, कंस शून्य कधी होतो ते बघा. क्ष = ३ असताना. म्हणजे आधी क्ष = ० वर असलेला शिरोबिंदू (आलेखाचं सगळ्यात खालचं टोक) आता क्ष = ३ वर आला. झालं!
- −क्ष²: आलेख उलटा.

दुसरी नेहमीची चूक क्रमाची. २क्ष² + ३ आणि २(क्ष² + ३) एकच नाहीत. क्ष = ० घाला: पहिल्यात ३ येतात, दुसऱ्यात ६. शंका आली की अशी एखादी किंमत घालून बघायचीच.

जिओजेब्रात (आलेख काढायचं सॉफ्टवेअर) स्लायडर, म्हणजे सरकवून आकडा बदलायची पट्टी, जरूर लावा, पण त्याआधी वहीत −२ ते २ पर्यंतचे पाच बिंदू हाताने मांडा. नुसता स्लायडर हलवला की मजा येते, डोक्यात मात्र काही शिरत नाही.

(२क्ष − ६)² असलं काही दिसलं तर सध्या खुशाल पान उलटा.