दाढ दुखायची थांबली म्हणून ते गेलेच नाहीत

"डॉक्टरांनी रूट कॅनल सांगितलंय पण हिंमतच होत नाहीये, नुसत्या गोळ्यांवर नाही का भागणार?" हा प्रश्न समुपदेशनात मला इतक्यांदा ऐकायला मिळतो की आज एका दादांचीच गोष्ट सांगते. त्यांना विचारलंय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

दादा सातपूरला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतात, राहायला सिडकोत. वहिनी घेऊन आल्या होत्या, तक्रार काय तर झोप नाही, पोरांवर खेकसतात, जेवता जेवता ताटावरून उठतात. मला आधी कामाचं टेन्शन वाटलं, पण बोलताना त्यांचा हात सारखा उजव्या गालावर जात होता म्हणून विचारलं, तर खालची दाढ दोन महिने ठणकत होती, दिवसा कसंबसं निभायचं पण रात्री आडवं झालं की सुरू. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि आत सुजलेल्या नसेला दाताच्या टणक भिंतीत पसरायला जागाच नसते, म्हणून रात्री जास्त ठणकतं. डेंटिस्टनी एक्सरे काढून कीड दाढेच्या आतल्या नसेला पोचलीये, रूट कॅनल करून ती नस काढावी लागेल असं सांगितलं होतं, आणि हे लवंग, पेनकिलर आणि दाढेशी तंबाखूची चिमूट यावर दिवस ढकलत होते.

वहिनींना जरा बाहेर बसायला सांगितलं तेव्हा खरं बाहेर आलं. नऊ-दहा वर्षांचे असताना गावाकडे दोघा काकांनी हातपाय धरले होते आणि भूल चढायच्या आधीच दाढ उपटली होती. बेचाळीस वर्षांचा माणूस, पण ते सांगताना तळहाताला घाम. अशा माणसाला "काही होत नाही हो, घाबरू नका" म्हणणं मला अजिबात पटत नाही, कारण त्याच्याबरोबर ते झालेलं असतं.

आम्ही ठरवलं की पहिल्या दिवशी फक्त जाऊन खुर्चीत बसायचं आणि बोलायचं, काम काहीच नाही. आणि पुढच्या आठवड्यात फोन आला, "मॅडम, दाढ आपोआप बरी झाली, दुखतच नाही आता."

माझ्या पोटात गोळाच आला, कारण असा फोन मी आधीही घेतलाय. किडलेली दाढ एकाएकी गप्प झाली तर बऱ्याचदा नस मेलेली असते, दुखणं जातं पण जंतू आतच राहतात आणि मुळाच्या टोकाला पू धरतो. नस मेली की दाताच्या आत रक्त पोचत नाही म्हणजे अँटिबायोटिकही पोचत नाही, गोळीने सूज तात्पुरती उतरेल पण घाण तिथेच. मी सांगितलं, तरी गेले नाहीत, आणि बारा-तेरा दिवसांनी गाल सुजला. नशीब, सूज गालापुरतीच होती. ताप, गिळायला किंवा श्वासाला त्रास, तोंड न उघडणं, सूज मानेकडे उतरणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की रविवार, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

एक गोष्ट त्यांना त्या दिवशी फार लागली. जितकी सूज आणि इन्फेक्शन जास्त तितकी भूल नीट चढायला वेळ लागतो, म्हणजे ज्या भीतीने ते थांबले होते तीच थांबण्याने जवळ येत होती. म्हणून डॉक्टरांशी आधीच बोलून घेतलं की दाढ बधिर झाल्याची खात्री केल्याशिवाय सुरू करायचं नाही, दुखलं तर आणखी भूल द्यायची, आणि दादांनी डावा हात वर केला की त्या क्षणी थांबायचं. त्या हाताने खरं काम केलं, पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी तीनदा वर केला, तिन्ही वेळा डॉक्टर थांबले, मग नंतर एकदाही नाही.

बाकी काम म्हणजे वरून छोटं भोक पाडून आतली खराब नस काढतात, बारीक फाइल्सनी मुळाच्या नळ्या साफ करतात, औषधाने धुतात आणि रबरासारख्या गटापर्चाने बंद करतात. खालच्या दाढेला सहसा तीन नळ्या असतात म्हणून पुढच्या दातापेक्षा वेळ जास्त लागतो, कुणाचं एका सिटिंगमध्ये होतं, कुणाला दोन-तीन. यांचं दोनमध्ये झालं. मधल्या दिवसांत टेम्पररी सिमेंट असतं, त्या बाजूने चिवडा-शेंगदाणे नाही. नंतर दोन-चार दिवस चावताना ठसठसलं, ते होतंच, पण दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं तर परत दाखवायचं. आणि बीपी-शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदरपण हे आधीच सांगायचं, विचारायची वाट बघायची नाही.

दादांच्या आईने मध्येच काढलं होतं की दाढेला हात लावला की नजर जाते. नाही जात, डोळ्याची नस वेगळी.

दाढेवर टोपीसारखी कॅप बसवायच्या वेळी पुन्हा चालढकल सुरू झाली, दुखत नाही तर खर्च कशाला. इथे मी जरा रागावलेच. किडीने आणि साफसफाईने दाढ आतून पोकळ झालेली असते, कॅप नसली तर एखाद्या घासाला उभी चिरते आणि मग बऱ्याचदा काढावीच लागते, म्हणजे सगळा त्रास आणि पैसा पाण्यात.

बसवली शेवटी. परवा आले तेव्हा सांगत होते की त्याच बाजूने मिसळ खाल्ली आणि रात्री सलग सहा तास झोपले. तंबाखू मात्र अजून चालूय, पुढच्या गुरुवारी त्यावर बसायचंय.