रेखमिरे : वजीर, प्रधान की अमात्य?

प्रश्न असा आलाय की रेखमिरे हा प्राचीन इजिप्तमधला राजाच्या खालोखालचा अधिकारी, इ.स.पू. १५व्या शतकातला, तेव्हा तिथे अरबीचा पत्ताही नव्हता, मग त्याला 'वजीर' का म्हणतात, मराठीत प्रधान किंवा अमात्य लिहिलं तर चालेल का?

शंका रास्त आहे. त्याच्या पदाचं मूळ नाव साधारण 'चाती' असं होतं, साधारण म्हणतोय कारण प्राचीन इजिप्तची चित्रलिपी स्वर लिहीतच नाही. वजीर हा शब्द युरोपियन अभ्यासकांनी लावला, त्यांना तो तुर्की दरबारामुळे ओळखीचा होता.

'अमात्य' मात्र मला अजिबात पटत नाही. शिवरायांच्या अष्टप्रधानांत अमात्य म्हणजे मुजुमदार, जमाखर्च बघणारा, निवाड्यासाठी न्यायाधीश वेगळा. रेखमिरेकडे हे दोन्ही होतं आणि वर कितीतरी. इजिप्तमधल्या लक्सर शहराजवळ, नाईलच्या पश्चिम काठावर शेख अब्द अल-कुर्नाला त्याचं १०० नंबरचं थडगं आहे, तिथे भिंतीवर त्याची कामंच लिहून ठेवलीत, रोज राजाला भेटायचं, खजिनदाराशी बोलायचं, सीलबंद खोल्या कधी उघडल्या कधी बंद झाल्या याची खबर घ्यायची, जमिनीचे वाद ऐकायचे. शेजारीच विटा पाडणारे, कातडं कमावणारे, धातू ओतणारे कारागीर रंगवलेत, नजराणे घेऊन आलेले परदेशी लोक आहेत, नुबियाच्या (इजिप्तच्या दक्षिणेचा प्रदेश) जिराफाच्या मानेवर चढणारं माकडसुद्धा आहे, हे चित्र नक्की शोधून बघा!

'पेशवा' म्हटलं की आपल्याला लगेच मोहिमा आठवतात, याचं काम मुख्यतः मुलकी. 'मुख्य प्रधान' म्हणावं तर त्या काळात उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक असे दोघं होते, रेखमिरे दक्षिणेचा. नुसतं 'प्रधान' चुकीचं नाही, पण त्यातून एवढ्या अधिकाराचा अंदाज येत नाही.

म्हणून मी वजीरच ठेवीन. बुद्धिबळामुळे तो घराघरात माहीत आहे आणि राजाच्या खालोखाल कोण हे सांगावं लागत नाही. शिवाय अरबीत या शब्दाचा संबंध 'विझ्र' म्हणजे ओझं याच्याशी जोडतात, आणि याच थडग्यात पद देताना राजा त्याला बजावतो की हे काम गोड नाही, पित्तासारखं कडू आहे, ओळखीच्या माणसाकडे अनोळखी माणसासारखंच बघ. खेती नावाच्या जुन्या वजिराचा दाखलाही देतो, पक्षपाताचा आरोप नको म्हणून तो आपल्याच नातेवाइकांच्या विरुद्ध निकाल द्यायचा, तर राजा म्हणतो हा न्याय नव्हे, अतिरेक झाला. मला तरी हा त्या भिंतींवरचा सगळ्यात मोलाचा मजकूर वाटतो.

तर लेखात पहिल्यांदा 'वजीर (मूळ पद चाती)' असं लिहा, पुढे नुसतं वजीर.