पावतीवर एक जात, पेटीत दुसरी

प्रश्न : गेल्या वर्षी पिग्मी कॅमेलिऑनची, म्हणजे रंग बदलणाऱ्या इवल्या सरड्यांची, जोडी विकत घेतली. पावतीवर ‘बिअर्डेड पिग्मी, बंदिवासात जन्मलेली’ एवढंच आहे. आता एक जाणकार फोटो पाहून म्हणतात की ही दुर्मीळ रोझेट-नोज्ड जात आहे. मादीने अंडीही घातलीत. विक्रेता पावती बदलून देतो म्हणतो. मी गुन्ह्यात अडकेन का?

उत्तर : पावती अजिबात बदलून घेऊ नका. आज तुम्ही फसलेले ग्राहक आहात. मागची तारीख घातलेली नवी पावती वापरलीत, तर खोटा दस्तऐवज वापरल्याचा आरोप तुमच्यावर येईल.

आता ओळखीकडे वळू, कारण सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे. बिअर्डेड पिग्मीच्या हनुवटीखाली दाढीसारखे खवले असतात. रोझेट-नोज्डच्या नाकावर काटेरी उंचवटा असतो आणि ती जात फक्त टांझानियातल्या उसांबारा डोंगरांत सापडते. रंगावर जाऊ नका, तो बदलतो. मात्र फोटोवरून दिलेलं तोंडी मत, कितीही जाणकाराचं असो, पुरावा म्हणून लंगडं पडतं. संग्रहालयातल्या किंवा विद्यापीठातल्या सरीसृपतज्ज्ञाकडून लेखी अहवाल घ्या.

जात कुठलीही निघाली तरी ‘साइट्स’, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार, लागू होतोच. ऱ्हॅम्फोलिऑन (हिच्यात रोझेट-नोज्ड येते) आणि रीपेलिऑन (हिच्यात बिअर्डेड पिग्मी येते) या दोन्ही प्रजाती, म्हणजे जातींचे गट, त्याच्या परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे परवान्यानेच व्यापार करता येणाऱ्यांच्या यादीत, आहेत. २०१६च्या जोहान्सबर्ग परिषदेत ठरलेली ही नोंद २ जानेवारी २०१७पासून अमलात आली. परिशिष्ट दोन म्हणजे पाळण्यावर बंदी नव्हे. पण सीमा ओलांडताना निर्यात परवाना लागतो आणि त्यावर जातीचं नाव व उगमाचा संकेत असतो : रानातून पकडलेला ‘डब्ल्यू’, बंदिवासात पैदास झालेला ‘सी’. टांझानियाने मे २०१६मध्ये जिवंत वन्यप्राण्यांची निर्यात थांबवली, तेव्हा त्यानंतरच्या तारखेचा तिथला ‘डब्ल्यू’ परवाना दाखवला गेला तर सावध व्हा. ‘नोंदीच्या आधीच आणलेली’ हा बचावही इथे टिकणारा नाही. इतके इवले जीव एवढी वर्षं जगत नाहीत.

तुम्ही कुठल्या देशात राहता ते लिहिलेलं नाही, त्यामुळे शिक्षेबद्दल मोघमच बोलता येईल. कराराचा भंग करून आणलेल्या प्राण्यांचा व्यापार किंवा ताबा, किंवा दोन्ही, दंडनीय करणं आणि जप्तीची तरतूद ठेवणं सदस्य देशांवर बंधनकारक आहे. सद्भावनेने घेतलं हे सिद्ध झालं तर शिक्षा बहुधा सौम्य होते किंवा टळते. जप्ती मात्र टळेलच असं नाही, आणि ती शक्यता मनात धरूनच पुढे जा.

अंड्यांबाबत बहुतेकांचा गैरसमज असतो. पेटीत घातलेली अंडी म्हणजे आपोआप ‘सी’ नव्हे. आईबापांचं मीलन नियंत्रित वातावरणात झालेलं असावं लागतं आणि मूळ जोडीही कायदेशीर मार्गाने आलेली असावी लागते. रानातच गाभण राहिलेल्या मादीची अंडी या व्याख्येत बसत नाहीत. पिल्लं निघाली तर ती विकू नका, कुणाला भेटही देऊ नका. घाबरून बाहेर सोडून देणं तर सर्वांत वाईट : प्राणी मरेल आणि पुरावा नष्ट केल्याचा संशय तुमच्यावर येईल.

विक्रेत्याला लेखी पत्र पाठवून मूळ परवान्याची प्रत मागा. पावती बदलण्याची तयारी त्याने संदेशात दाखवली असेल, तर तो संदेश जपून ठेवा. तज्ज्ञाचा अहवाल आला की स्थानिक वकिलामार्फत वन्यजीव अधिकाऱ्यांकडे स्वतःहून माहिती द्या. छाप्यानंतर दिलेल्या खुलाशाला तेवढं वजन राहत नाही. पैसे परत मिळवण्याचा दावा वेगळा चालतो, त्यासाठी जुनी पावती जशी आहे तशीच हवी.