गोठा पडवीला लागून असावा का?

प्रश्न : कुडाळ तालुक्यात भातखाचरांच्या मधोमध आमचं घर आहे. पडवीला लागूनच गोठा, त्यात दोन गायी नि एक पाडी. सासूबाई म्हणतात, गुरं जवळ असली की डास त्यांना चावतात, माणसं सुटतात. यांचं म्हणणं, गुरांमुळेच मेंदूज्वर येतो, गायी विकूया. मुलगी चार वर्षांची आहे. काय करू?

उत्तर : ताई, गायी विकू नका. जपानी मेंदूज्वराचा विषाणू गायीच्या रक्तात फारसा वाढत नाही, त्यामुळे तिला चावून डास तो पुढे नेत नाही. विषाणू वाढतो डुकरांत आणि खाचरातल्या बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत. तेव्हा आधी बघा, वाडीत कुणी डुकरं पाळतं का? पाळत असेल तर ती घरांपासून लांब हवीत, यासाठी ग्रामपंचायतीत भांडा. 

सासूबाई आणि यजमान, दोघांचं अर्धं अर्धं खरं आहे. हा मेंदूज्वर पसरवणारा क्युलेक्स डास गुरांच्या रक्ताला चटावलेला. गोठा लांब असेल तर तो तिकडेच पोट भरतो. पडवीला लागून असेल तर तुमच्याच दारात गोळा होतो. पशुवैद्यकीय नोकरीत मी दिवेलागणीला कितीतरी गोठ्यांत उभा राहिलोय. पायांवर डासांचा थर बसायचा आणि दहा पावलांवर पोरं अभ्यासाला बसलेली असायची. ते आठवलं की आजही जीव कासावीस होतो. डोण, टायर रिकामे करा, पण ते डेंग्यूच्या डासासाठी. हा डास भरल्या खाचरात वाढतो, तिथलं पाणी तुम्ही कुठे ओतणार? म्हणून तिन्हीसांजेपासून मुलीला अंगभर कपडे, रात्री मच्छरदाणी.

लागण झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. पण मेंदूला सूज आली तर १०० तले २० ते ३० जण दगावतात, आणि या विषाणूवर नेमकं औषध नाही. लस आहे, तुमच्याकडे मिळते का, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. जोराचा ताप, झटके, गुंगी दिसली तर सकाळची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात न्या.

आणि पुढच्या पावसाआधी गोठा परसाच्या टोकाला हलवा. गायी चार दिवस हंबरतील, मग रुळतील.