टेक्निक्स एसएल-१२०० च्या टोनआर्मला कोणती कार्ट्रिज जुळेल?

तुमचा प्रश्न असा आहे: टर्नटेबल टेक्निक्स एसएल-१२०० मार्क २, त्याच्या टोनआर्मच्या, म्हणजे रेकॉर्डवर फिरणाऱ्या दांड्याच्या, टोकाला १२ ग्रॅमचं लाकडी हेडशेल, आणि त्या पट्टीवर ऑर्टोफोन २एम रेड ही कार्ट्रिज, म्हणजे सुई असलेला छोटा डबा. सोलापूरच्या उन्हाळ्यात वाकलेली एखादी शास्त्रीय रेकॉर्ड लावली की वूफरचा, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, पडदा मागेपुढे हलतो आणि तानपुऱ्याचा स्वर लहरतो. आता ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई घ्यावी की डेनॉन डीएल-१०३?

व्हीएम९५ई घ्या. पण पैसे खर्च करण्याआधी ते लाकडी हेडशेल उतरवा आणि टेक्निक्सचं मूळ ७.५ ग्रॅमचं लावून ऐका. तुमचा निम्मा त्रास त्या हेडशेलमुळे आहे असं मला वाटतं, आणि का ते नीट सांगतो, कारण पुढची कार्ट्रिज निवडतानाही हाच हिशोब लागेल.

सुई ज्या बारीक दांडीवर असते ती रबराच्या आधारावर तरंगते. हे रबर म्हणजे स्प्रिंग, आणि त्या स्प्रिंगवर सगळा टोनआर्म लटकलेला. स्प्रिंगला वजन लावलं की ते आपल्या एका ठरावीक वेगाने डोलतं, तोच रेझोनन्स. रबर किती मऊ आहे ते कंप्लायन्सच्या आकड्यावरून कळतं. आर्मच्या बाजूने धरायचं ते इफेक्टिव्ह मास, म्हणजे सुईला प्रत्यक्षात जाणवणारा जडपणा. तो काट्यावरच्या वजनाइतका नसतो. कुऱ्हाड दांड्याच्या टोकाला धरून फिरवा आणि मग पात्याजवळ धरून फिरवा, वजन तेच पण हाताला फरक कळतो. जडपणा अंतराच्या वर्गाने वाढतो. म्हणून आर्मचा तोल सांभाळणारं मागचं काउंटरवेट चांगलं जड असूनही पिव्होटजवळ, म्हणजे आर्म ज्या खुंटीवर फिरतो तिच्याजवळ, असल्यामुळे फारसं मोजलं जात नाही, आणि पुढच्या टोकाच्या हेडशेलचा एकेक ग्रॅम जवळजवळ पुरता मोजला जातो.

हिशोब सोपा आहे. आर्मचं इफेक्टिव्ह मास, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन ग्रॅममध्ये मिळवा, बेरजेला कंप्लायन्सने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती वेळा डोलतं या मापात, येतं. ते ८ ते १२ च्या मध्ये हवं. वर जाऊ लागलं तर ऐकू येणाऱ्या खर्जाच्या जवळ सरकतं. खाली गेलं तर वाकलेल्या रेकॉर्डच्या हालचालीत सापडतं. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे पूर्ण तबकडीचा एक मोठा वाक सेकंदाला अर्ध्या वेळेच्या आसपास येतो, पण काठावरचे छोटे उंचवटे ५-६ हर्ट्झपर्यंत धक्के देतात.

आता तुमचे आकडे. मार्क २ च्या आर्मचं इफेक्टिव्ह मास १२ ग्रॅम, त्यात मूळ हेडशेल आलं. २एम रेड ७.२ ग्रॅम, स्क्रू साधारण १ ग्रॅम, कंप्लायन्स २०. उत्तर ७.९ हर्ट्झ, म्हणजे काठावर. लाकडी हेडशेलमुळे आणखी साडेचार ग्रॅम वाढले की ७.२ च्या आसपास येतं. उंचवटा आला की आर्म त्याच्याबरोबर वर जातो आणि मग उतरताना स्वतःच डोलायला लागतो. सुई खोबणीत किंचित पुढेमागे घसरते, म्हणून स्वर हलतो. सुईवरचा भारही १.८ ग्रॅमवर टिकत नाही, कधी दाबतो, कधी सुटतो. गाण्याच्या भरगच्च वाद्यवृंदात हे लपून जातं. ख्यालाच्या सुरुवातीला मागे फक्त तानपुरा चालू असतो तेव्हा लपत नाही. षड्ज कसा स्थिर हवा हे आपल्या कानाला पक्कं माहीत असतं, त्यामुळे आर्म जुळला का हे तपासायला मी कुठल्याही टेस्ट रेकॉर्डपेक्षा विलंबित ख्यालाची पहिली दोन मिनिटं लावेन.

व्हीएम९५ई ६.१ ग्रॅमची. कागदावर कंप्लायन्स ७ आहे, पण इथे फसू नका. जपानी कंपन्या हा आकडा १०० हर्ट्झला मोजून देतात, आणि आपला हिशोब १० हर्ट्झच्या आसपासचा आहे. रबर हळू हालचालीला जास्त मऊ वागतं, म्हणून दीड ते दोनपटीने वाढवून धरतात. १२ धरला तर उत्तर साडेदहा हर्ट्झ, अगदी मधोमध. भार २ ग्रॅम. शिवाय सुई झिजली तर त्याच बॉडीवर त्या मालिकेतली चांगली सुई चढवता येते.

डेनॉनबद्दल लोक घाबरवतात, ते तिच्या कागदावरचा कंप्लायन्सचा ५ हा आकडा जसाच्या तसा गुणून. मग १५ हर्ट्झ येतं आणि ‘या आर्मवर चालणारच नाही’ असा निकाल लागतो. तेही १०० हर्ट्झचंच माप आहे. ९ धरलं तर ११.४ येतं, म्हणजे चालेल, आणि तुमचं ते लाकडी हेडशेल तिथे शोभेलही. १९६२ पासून बनत असलेली, जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी घडवलेली ही कार्ट्रिज मला मनापासून आवडते. पण तिचा आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट. तुमच्या अँपचा साधा फोनो इनपुट ४ ते ५ मिलिव्होल्टसाठी आहे, म्हणून हा बारीक सिग्नल वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर किंवा अशा (मूव्हिंग कॉइल प्रकारच्या) कार्ट्रिजसाठीचा वेगळा प्रीअँप वर लागेल. तो खर्च आज करायचा नसेल तर नंतर बघा.

जुनी, डब्यात पडून राहिलेली कार्ट्रिज कुणी स्वस्तात देऊ केली तर हा हिशोब तिला लावू नका. रबर वर्षांनी कडक होतं, आपल्याकडच्या उन्हात तर होतंच, आणि कागदावरचा आकडा उरत नाही.

बसवताना सुईचं टोक हेडशेलच्या मागच्या कडेपासून, जिथे वॉशर असतो तिथून, ५२ मिलिमीटरवर ठेवा. उंचीची रिंग अशी फिरवा की रेकॉर्डवर आर्म समांतर दिसेल. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या मात्र लावता येणार नाहीत, मार्क २ वर तो वेगच नाही.

रेकॉर्डही उभ्या, एकमेकींना टेकून न कलता ठेवा आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून नको, मे महिन्यात ती भिंत रात्रीपर्यंत तापलेली असते.

हेडशेलचं वजन मात्र अंदाजाने धरू नका. ओळखीच्या सराफाकडे नेऊन काट्यावर तोलून घ्या, वायर आणि स्क्रूंसकट. तो आकडा इथे लिहिलात तर पुढचा हिशोब मी करून देतो.