लेकीचा पहिला सिनेमा

लेक चार वर्षांची झाली, आता थेटरात न्यायची म्हणतोस. ने की! पण रात्रीचा शो नको. थोरल्याला मी नऊच्या खेळाला नेलं होतं. पहिल्याच ढिशूमला पोरगं कानांवर हात ठेवून माझ्या शर्टात तोंड खुपसून बसलं. मध्यंतरातच घरी. पॉपकॉर्न मी रिक्षात संपवले, टाकवत नव्हते.

तू सकाळचा खेळ घे, खुर्ची कडेची. आणि तिकीट काढण्याआधी सिनेमाचं सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघ. २०२४ पासून ‘यूए’चे, म्हणजे पोरांना दाखवायचं की नाही ते पालकांनी ठरवायच्या सिनेमांचे, वयानुसार तीन भाग झालेत: ७+, १३+ आणि १६+. ही पालकांना दिलेली सूचना आहे, दारावरचा माणूस त्यासाठी अडवणार नाही, ठरवायचं आपणच. ‘ए’, म्हणजे फक्त मोठ्यांसाठी, असेल तर मात्र बापाबरोबरही अठराच्या आतलं पोर चालत नाही.

बातम्यांचं जास्त अवघड आहे. जेवताना चॅनेल लावणं मी बंद केलं ते धाकटीमुळे. पुरात पूल वाहून गेल्याची एकच क्लिप तासभर फिरत होती. तिला वाटलं, दर वेळी नवा पूल पडतोय. ताटातला वरणभात तसाच ठेवून म्हणाली, “बाबा, आता किती उरले?” तेव्हापासून घरात फक्त पेपर. ती शेजारी बसून चित्रं बघते, काही विचारलंच तर दोन वाक्यांत खरं काय ते सांगतो.

आजोबांच्या हातातला रिमोट कसा सोडवायचा, ते मात्र मला विचारू नकोस.