एक्स-रे नॉर्मल आला तरी घोडी लंगडतेच, आता काय?

प्रश्न : डॉक्टर, माझी घोडी माथेरानला टुरिस्टच्या फेऱ्या मारते, वय ९ वर्षं. तीन आठवडे झाले, पुढच्या डाव्या पायाने लंगडतेय. दुसऱ्याच दिवशी एक्स-रे काढला, हाड ओके म्हणाले. दुखण्याचं इंजेक्शन दिलं की दोन दिवस बरी चालते, मग परत तेच. आता कोणी म्हणतंय सोनोग्राफी करा. घोड्याच्या पायाची सोनोग्राफी खरंच असते का, की उगाच खर्च?

उत्तर : असते भाऊ, आणि कामाची असते. पण त्याआधी एक कळकळीने सांगतो, ते इंजेक्शन देऊन तिला फेऱ्यांना लावणं आजच थांबवा, कारण त्याने दुखणं झाकतं, बरं होत नाही, आणि ती बिचारी दुखऱ्या पायावर पूर्ण वजन टाकते.

एक्स-रेत हाड दिसतं. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळपास नसतंच, सगळा भार मागच्या टेंडनवर, आपण जिला नस म्हणतो तिच्यावर, आणि ती एक्स-रेत कळत नाही. सोनोग्राफीत मात्र तंतू तुटलेली जागा काळी दिसते आणि किती तुटलंय ते मोजता येतं, फक्त दोन्ही पायांची करून घ्या म्हणजे तुलना होते.

पण आधी दुखतंय कुठे ते शोधायला हवं, मशीन नंतर. इंजेक्शनचा असर उतरला की डॉक्टरांसमोर कडक सपाट जागेवर दुडकी पळवा, दुखरा पाय टेकला की डोकं वर जातं. मग खूर. पुढच्या पायाचं लंगडणं बरेचदा खुरातलंच निघतं, खडा लागून आत पू धरतो किंवा नालाचा खिळा चुकीचा बसतो, म्हणून नाल काढून खूर मोठ्या चिमट्याने दाबून बघतात. आणि हो, दुसऱ्याच दिवशीच्या एक्स-रेत बारीक चीर सुटू शकते, ती १०-१४ दिवसांनी नीट दिसते, त्यामुळे एक्स-रे परत काढाच. त्यात चीर नाही असं दिसलं तरच टाचेवरचे मज्जातंतू (टेंडन नव्हे) बधिर करणारं इंजेक्शन, म्हणजे नर्व्ह ब्लॉक, देऊन परत पळवायचं. लंगडणं गेलं तर दुखणं खुराकडचं, मग वरच्या टेंडनच्या सोनोग्राफीचे पैसे वाचले. नाही गेलं तर तेच इंजेक्शन पायात आणखी वर देत जायचं.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घोड्याची सोय आहे का ते आधी फोनवर विचारा, उगाच तिला दस्तुरीपर्यंत, म्हणजे गाड्या थांबतात तिथपर्यंत, चालवत उतरवून टेम्पोत घालू नका.

टेंडनच निघालं तर ९ ते १२ महिने धरून चाला, सुरुवातीला आराम मग हाताने धरून थोडं थोडं चालवणं, दर २-३ महिन्यांनी परत स्कॅन. लंगडणं महिन्या-दोन महिन्यांतच थांबेल आणि सीझन पण आलेला असेल, तरी आतले तंतू जुळलेत असं स्कॅनमध्ये दिसेपर्यंत खोगीर चढवू नका.